ओरडणारी जनुकं, गप्प जनुकं

दारूनं सुजलेल्या लिव्हरचा बारीकसा तुकडा घ्यायचा, त्यातला आरएनए, म्हणजे चालू जनुकांतून निघणाऱ्या नकला, मोजायचा आणि निरोगी लिव्हरच्या आरएनएशी ताडून पाहायचा. माणसाच्या वीसेक हजार जनुकांपैकी कुठलं जोरात चाललंय, कुठलं मंदावलंय, कुठलं जवळपास बंद पडलंय याची यादी हातात येते. ही यादी काढणं आता सोपं झालंय. डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ती काढू शकते. अमेरिकेत एनसीबीआय या सरकारी संस्थेचं 'जीईओ' नावाचं सार्वजनिक कोठार आहे, २००० सालापासूनचं. जगभरचे गट आपापली मोजमापं तिथं ठेवतात आणि कुणीही ती फुकट उतरवून घ्यावीत अशी सोय आहे. त्यात जीएसई-२८६१९ नावाचा एक संच आहे, अल्कोहोलिक हेपटायटिसच्या १५ रुग्णांचा आणि ७ निरोगी लिव्हरचा. या विषयात हात घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं तो कधी ना कधी उघडलेला असतो.

अवघड आहे ते पुढचं. यादीत सगळ्यात वर जे जनुक बसलंय, त्यालाच पकडायचं का?

मी डॉक्टर नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलं आणि आता एका संशोधन संस्थेत आरएनएचे आकडे सांभाळते. आकडे म्हणजे अक्षरशः आकडे, हजारो ओळी आणि पन्नास-साठ रकाने. (एक्सेलमध्ये फाइल उघडू नका, असं प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. 'मार्च-१' नावाच्या जनुकाची एक्सेल बिनदिक्कत १ मार्च तारीख करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं माघार घेतली आणि जनुकांचीच नावं बदलली. मायक्रोसॉफ्टपुढे उत्क्रांतीचंही काही चालत नाही.)

दारू आणि लिव्हर म्हटलं की आपल्याकडे दोनच टप्पे माहीत असतात. एक 'लिव्हरला थोडी सूज आहे', आणि दुसरा 'पोटात पाणी झालं'. मधला सगळा रस्ता कुणाच्या बोलण्यात नसतो. रोज भरपूर पिणाऱ्या शंभरांतल्या नव्वदेकांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. त्यांच्यापैकी सगळ्यांना सिरोसिस होत नाही, म्हणजे व्रणांनी लिव्हर कडक होत नाही. तो दहा ते वीस टक्क्यांना होतो. एकाच परमिट रूममध्ये, एकाच टेबलावर, त्याच ब्रँडची क्वार्टर पंचवीस वर्षं पिणाऱ्या चौघांतला एकच का आडवा होतो, हे त्या टेबलावर कुणाला सांगता येत नाही आणि आम्हालाही पूर्णपणे येत नाही. परमिट रूम हा शब्द मुंबईत इतका रुळलाय की त्यामागे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे आणि प्यायला खरोखरच परमिट लागतं, हे टेबलावरच्या चौघांपैकी एकालाही आठवत नसतं.

दारूचं शरीरात गेल्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. लिव्हरमधलं सीवायपी-२ई-१ हे एन्झाइम रोज पिणाऱ्यात वाढत जातं आणि सोबत पेशींना गंजवणारे ऑक्सिजनचे कण तयार करतं. आतड्याची भिंत झिरपायला लागते, जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तातून थेट लिव्हरमध्ये येतात आणि तिथल्या रखवालदार पेशी पिसाळतात. हे वर्षानुवर्षं चालतं. मग एके दिवशी काही जणांच्या बाबतीत सगळं एकदम कोसळतं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, बारीक ताप, रक्त गोठायला उशीर. यालाच अल्कोहोलिक हेपटायटिस म्हणतात. बी आणि सी हेपटायटिसशी त्याचा संबंध नाही, व्हायरस यात कुठेच नाही.

माझे अप्पाकाका याच दारातून आत गेले. काळाचौकीला राहतात, बीपीटीत, म्हणजे मुंबई बंदरात, क्रेनवर होते, आता निवृत्त. भांडखोर नाहीत, पिऊन कधी शिवी दिल्याचं कुणाला आठवत नाही, म्हणून घरात कुणी 'दारुडा' हा शब्दच त्यांच्याबद्दल वापरला नव्हता. ते वॉर्डात होते तेव्हा त्यांच्या गळ्यात काविळीची माळ होती. गावाहून कुणीतरी आणलेली, कुठल्याशा काड्यांची. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबत जाते, आणि ती पोटापर्यंत उतरली की कावीळही उतरली असं समजायचं. काकूचा तिच्यावर विश्वास होता. मी फाइल वाचत होते.

बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, १८. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, २२ सेकंद, तुलनेचा नमुना १२. व्हिटॅमिन के टोचूनही त्यात फरक नाही, म्हणजे कमतरता जीवनसत्त्वाची नव्हती. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतच नव्हतं. मॅड्रे स्कोअर नावाचं १९७८ पासून चालत आलेलं एक साधं गणित आहे. दोन वेळांतला फरक गुणिले ४.६, अधिक बिलिरुबिन. काकांचं आलं ६४. ३२ च्या वर गेलं की आजार गंभीर धरतात.

गंभीर म्हटल्यावर द्यायचं काय? प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. मी कामाला लागले तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. ब्रिटनमध्ये ६५ रुग्णालयांत ११०३ रुग्णांवर 'स्टोपाह' नावाची मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल छापून आला. २८ दिवसांत प्लासिबोवाल्यांतले, म्हणजे नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांतले, १७ टक्के गेले, प्रेडनिसोलोनवाल्यांतले १४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. ९० दिवसांनी आणि वर्षानं पाहिलं तर तोही उरला नव्हता. सातव्या दिवशी 'लिल स्कोअर' काढून स्टेरॉइड लागू पडतंय का ते बघतात. काकांना पडलं नाही. बंद केलं. पुढे काय, असं काकूनं विचारलं तेव्हा निवासी डॉक्टर जे म्हणाले ते मला अजून पटतं. ते म्हणाले, "बाई, आता त्यांच्या लिव्हरवर आहे."

एवढ्या जुन्या, एवढ्या मारक आजाराला एकही धड औषध नसावं याचं एक कारण उघड आहे. 'स्वतःच्या हातानं केलं' असं ज्या आजाराबद्दल म्हणतात त्यासाठी कुणी पैसा काढत नाही. दुसरं कारण थोडं आतलं आहे, आणि ते थेट माझ्या यादीशी येऊन भिडतं.

यादीत वर असतात सूज आणणारी जनुकं. इंटरल्यूकिन-८ आणि त्याची भावंडं, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना हाका मारून बोलावणारी. टीएनएफ हे सूज पेटवणारं प्रथिन आणि त्याचं गोत. ही जनुकं दहापट, वीसपट वाढलेली असतात. आलेख काढला की कागदाच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतात, बघणाऱ्याचा हात आपोआप तिकडेच जातो. आरएनएच्या याद्या येण्याआधीही रक्तातलं टीएनएफ वाढलेलं दिसतच होतं आणि संधिवातासाठी टीएनएफ अडवणारी औषधं तयार होती. मग द्या ती! फ्रान्समध्ये त्यातलं इन्फ्लिक्सिमॅब स्टेरॉइडबरोबर देऊन पाहिलं. जंतुसंसर्ग इतके झाले की चाचणी मध्येच थांबवावी लागली, हे २००४ मधलं. २००८ मध्ये त्यातल्याच एटानरसेप्टचा निकाल आला, ४८ रुग्णांचा. सहा महिन्यांत औषध घेतलेल्यांपैकी ५७.७ टक्के दगावले, प्लासिबो घेतलेल्यांपैकी २२.७.

चाळीत आग लागल्यावर सगळ्यात मोठ्यानं जो ओरडत असतो, त्यानंच ती लावलेली असते असं नाही. बऱ्याचदा तो बादली घेऊन धावणारा असतो. टीएनएफ लिव्हर जाळतं हे खरं, पण लिव्हर पुन्हा वाढण्यासाठीही तेच लागतं आणि जंतूंना अडवायलाही तेच. या रुग्णांतले कितीतरी जण शेवटी जंतुसंसर्गानंच जातात. त्यांचा पहारेकरी आपण बाजूला केला.

म्हणून मला यादीतलं वरचं टोक आता फारसं बोलत नाही. मला रस आहे तो न ओरडणाऱ्यांत.

२०१९ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये होसेपमारिया आर्हेमी, रामोन बतायेर आणि त्यांच्या साथीदारांचा एक लेख आला. बतायेर तेव्हा पिट्सबर्गला होते. त्यांनी आजाराच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या रुग्णांच्या लिव्हरमधला आरएनए वाचला, सुरुवातीच्या सुजेपासून थेट प्रत्यारोपणात काढून टाकलेल्या लिव्हरपर्यंत. मग त्यांनी माझ्या मते योग्य प्रश्न विचारला. कुठलं जनुक सर्वांत जास्त बदललं, हे त्यांनी बाजूला ठेवलं. जी शेकडो जनुकं एकत्र खाली गेलीत त्या सगळ्यांना हुकूम देणारं वर कोण बसलंय, ते शोधलं. उत्तर आलं, एचएनएफ-४-अल्फा.

हे प्रथिन स्वतः काही बनवत नाही. डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि लिव्हरची म्हणून जी कामं आहेत ती चालू ठेवतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन बनवा, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवा, पित्ताचा निचरा करा, अमोनियाची विल्हेवाट लावा. आता काकांच्या फाइलचं पहिलं पान पुन्हा बघा. अल्ब्युमिन खाली, प्रोथ्रॉम्बिन टाइम वर, बिलिरुबिन वर, अमोनिया साठून दुपारी बरळणं. वॉर्डात हे चार वेगवेगळे त्रास म्हणून नोंदलेले असतात, चार वेगळ्या रकान्यांत. आरएनएच्या बाजूनं पाहिलं तर चारांच्या मागे एकच खुर्ची रिकामी पडलेली दिसते. मी तो लेख पहिल्यांदा लोकलमध्ये वाचला, ठाण्यानंतर बसायला मिळाल्यावर, आणि मुंब्र्याचा बोगदा कधी गेला ते कळलं नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. एचएनएफ-४-अल्फाच्या जनुकाला दोन सुरुवाती आहेत, दोन प्रमोटर. प्रौढ लिव्हर एक वापरतं आणि गर्भातलं लिव्हर दुसरी. आजारी लिव्हरमध्ये गर्भातली आवृत्ती वाढलेली सापडली. म्हणजे साठीच्या माणसाच्या पोटातल्या पेशी जिवंत आहेत, पण त्यांनी मोठेपणीची नोकरी सोडून दिलीय. असं करायला लावणाऱ्यांत टीजीएफ-बीटा-१ हा रेणू पुढे आहे, जो लिव्हरमध्ये व्रणाची जाळी विणतो. शिवाय डीएनएवर मिथाइलचे ठिपके, म्हणजे जनुक गप्प करणाऱ्या रासायनिक खुणा, पडतात, गुंडाळी बदलते, आणि एचएनएफ-४-अल्फा आलं तरी त्याला बसायच्या जागा नीट मिळत नाहीत.

पेशी मेलेली असणं आणि पेशीनं काम सोडलेलं असणं यांत औषधाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेलेलीला कुणी उठवत नाही. काम सोडलेलीला परत बोलावता येईल. २०१५ मध्ये पिट्सबर्गच्याच आणखी एका गटानं सिरोसिसच्या शेवटच्या टप्प्यावरच्या उंदरांच्या लिव्हरमध्ये व्हायरसच्या पाठीवरून एचएनएफ-४-अल्फा परत पोचवलं आणि लिव्हरचं काम सुधारलं. ते उंदीर दारूचे नव्हते, कार्बन टेट्राक्लोराइडनं आजारी पाडलेले होते. हे सांगायलाच हवं, कारण उंदीर हा या विषयातला मोठा घोळ आहे. उंदराला दारू आवडत नाही. द्रव खाण्यात मिसळून पाजावी लागते. दहा दिवस पाजून शेवटी एकदम मोठा डोस देण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, आणि त्यातून लिव्हरला सूज येते. काळाचौकीच्या क्रेन ऑपरेटरच्या तीस वर्षांची बरोबरी त्या दहा दिवसांशी होत नाही.

मिथाइलच्या ठिपक्यांवरून एक औषध मात्र खरोखर माणसांपर्यंत पोचलं. लार्सुकोस्टेरॉल. शरीरातच सापडणारा, कोलेस्टेरॉलपासून झालेला रेणू. डीएनएवर मिथाइल चिकटवणाऱ्या एन्झाइमांना तो आवरतो, आणि त्यामुळे दबलेली जनुकं पुन्हा बोलायला लागावीत अशी कल्पना. वरच्या लेखातून तो निघाला असं मी म्हणणार नाही, त्याचा प्रवास वेगळा आहे. पण दोन्ही वाटा एकाच चौकात येतात. ड्युरेक्ट कंपनीनं गंभीर अल्कोहोलिक हेपटायटिसच्या ३०७ रुग्णांवर चाचणी केली. ९० दिवसांत मृत्यू किंवा प्रत्यारोपण, हे मुख्य माप होतं. त्यावर औषध नापास झालं. नुसते मृत्यू मोजले तर औषधवाल्या दोन्ही गटांत ते कमी दिसले, पण खात्रीनं म्हणावं इतके नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामकानं तरी त्याला 'ब्रेकथ्रू' हा दर्जा दिला, तो पुढच्या मोठ्या चाचणीची वाट सोपी व्हावी म्हणून. या निकालानं मी खूशही नाही आणि निराशही नाही. ओरडणाऱ्याचा गळा दाबणाऱ्या औषधानं माणसं जास्त मेली होती. गप्प बसलेल्याला बोलतं करू पाहणाऱ्या औषधानं निदान तसं केलं नाही.

आता जे लोक म्हणतात, "एवढं मोठं नवीन औषध कशाला, आहेत त्यातलंच एखादं कॉम्प्युटरनं शोधा," त्यांच्यासाठी. हे आम्ही करतो. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटनं २००६ मध्ये 'कनेक्टिव्हिटी मॅप' काढला. १६४ रसायनं पेशींवर टाकून कुठली जनुकं वर गेली, कुठली खाली, हे नोंदवून ठेवलं. २०१७ पर्यंत त्या नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या होत्या, प्रत्येकीत ९७८ जनुकं प्रत्यक्ष मोजलेली, बाकीची गणितानं अंदाजलेली. आजाराची यादी त्यात टाकायची आणि बरोबर उलटी यादी कुठल्या औषधाची येते ते बघायचं. आजारानं जे वर नेलं ते औषधानं खाली आणलं पाहिजे आणि जे खाली नेलं ते वर. ऐकायला इतकं देखणं वाटतं की दरवर्षी नवा इंटर्न याच्या प्रेमात पडतो.

मग निकाल येतो आणि पहिल्या दहांत व्होरिनोस्टॅट, ट्रायकोस्टॅटिन वगैरे मंडळी दिसतात. आजार कुठलाही टाका, यांचा नंबर वर. ही औषधं डीएनएची गुंडाळीच सैल करतात, त्यामुळे अर्धीअधिक जनुकं हलतात आणि कुणाच्या ना कुणाच्या उलट ती जुळतातच. शिवाय त्या नोंदी बहुतेक कॅन्सरच्या पेशींवरच्या आहेत. स्तनाच्या, प्रोस्टेटच्या, रक्ताच्या. लिव्हरच्या म्हणून हेप-जी-२ नावाच्या पेशी वापरतात, त्याही लिव्हरच्या कॅन्सरच्या, आणि त्यांच्यात सीवायपी-२ई-१ जवळजवळ नसतंच. दारू जिथं गंज चढवते तो कारखानाच ज्या पेशीत नाही, तिच्यावर दारूच्या आजाराचं औषध शोधायचं!

याहून चिवट अडचण आमच्या बाजूची आहे. निरोगी लिव्हरमध्ये शंभरातल्या साठेक पेशी हेपॅटोसाइट असतात, लिव्हरचं मुख्य काम करणाऱ्या. आजारी लिव्हरच्या तुकड्यात त्या कमी झालेल्या असतात, मध्ये न्यूट्रोफिल घुसलेले, पित्तनलिकेसारख्या पेशींची दाटी, व्रणाची जाळी. सगळं एकत्र वाटून आरएनए मोजला की अल्ब्युमिनचं जनुक खाली आलेलं दिसणारच. पण ते पेशीनं काम सोडलं म्हणून, की पेशीच कमी उरल्या म्हणून? दोन्हींचं उत्तर वेगळं आणि औषधही वेगळं. पेशींचं प्रमाण गणितानं वजा करायच्या युक्त्या आहेत, त्या मी रोज वापरते आणि रोज त्यांच्यावर थोडा संशय घेते. पक्कं उत्तर हवं तर एकेका पेशीचा, निदान तिच्या केंद्रकाचा, आरएनए वेगळा वाचायला हवा. ते आता होतं. महाग आहे, आणि तुकडा ताजा किंवा नीट गोठवलेला लागतो. इथे या रुग्णांच्या पोटात सुई घालता येत नाही, रक्त थांबणार नाही आणि मध्ये पाणी आहे. मानेतल्या शिरेतून तार सरकवत लिव्हरपर्यंत जातात आणि आतून कण काढतात. कण केवढासा, त्यातला पॅथॉलॉजीला द्यायचा, उरला तर आम्हाला. मी तक्रार करत नाही. त्या माणसाचा जीव माझ्या रकान्यापेक्षा मोठा आहे हे मला कळतं.

जनुकांकडून येणारी दुसरी एक वाट आहे, आणि तिथं नशीब थोडं बरं निघालं. आरएनए किती आहे हे न बघता जन्मतःच कुणाच्या डीएनएत काय वेगळं आहे, ते बघायचं. परमिट रूमच्या टेबलावरच्या त्या चौघांचं कोडं इथं थोडं सुटतं. पीएनपीएलए-३ या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांचं लिव्हर लवकर बिघडतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. २०१८ मध्ये उलटं उदाहरण सापडलं. एचएसडी-१७-बी-१३ हे जनुक ज्यांच्यात जन्मापासून अर्धवट, म्हणजे दोनपैकी एक प्रत, बंद आहे, त्यांना दारूच्या लिव्हर-रोगाचा धोका ४२ टक्क्यांनी कमी. दोन्ही प्रती बंद असतील तर ५३ टक्क्यांनी. सेहेचाळीस हजारांवर माणसांच्या डीएनएतून निघालेली गोष्ट आहे ही. मग जे निसर्गानं काहींच्यात बंद केलंय ते बाकीच्यांत औषधानं बंद करू, असा साधा विचार. त्यासाठी छोट्या आरएनएचं इंजेक्शन तयार झालं आणि जीएसके ही औषध कंपनी ते दारूच्या लिव्हर-रोगातही तपासते आहे. हे जनुकही आरडाओरडा करणाऱ्यांतलं नाही. पेशीतल्या चरबीच्या थेंबावर बसून असतं.

पण दोन्ही वाटांवर मला जे हवं ते नाही. अप्पाकाका वाचले.

हो, तेच अप्पाकाका, स्कोअर ६४, स्टेरॉइड निकामी. प्रत्यारोपणाचा विषय निघाला होता. फ्रान्स-बेल्जियममधल्या २६ रुग्णांवरचा २०११ चा अभ्यास मी डॉक्टरांना दाखवायला घेऊनही गेले होते, लवकर प्रत्यारोपण केलेल्यांत सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत, न केलेल्यांत २३. डॉक्टरांनी तो आधीच वाचलेला होता. दाता कोण, खर्च कुठून, सहा महिने दारू सुटल्याचं कोण लिहून देणार, एवढ्यावर ते बोलणं थांबलं. आणि मग काहीच न करता बिलिरुबिन उतरायला लागलं. पंधरा, अकरा, सात. थेंबही न पिता वर्ष गेलं. आज त्यांचं अल्ब्युमिन ३.८ आहे आणि ते लालबागच्या बाजारात माझ्यापेक्षा भरभर चालतात. काकू श्रेय माळेला देते. मी एचएनएफ-४-अल्फाला देईन, पण माझ्याकडे पुरावा काकूइतकाच आहे.

कारण परत आलेल्या लिव्हरचा आरएनए कुणाकडेच पुरेसा नाही. कोठारात आजारी आहेत, निरोगी आहेत, प्रत्यारोपणात काढून टाकलेली आहेत. बरी झालेली बायोप्सीला येत नाहीत, आणि यावं तरी कशाला? ज्याला कावीळ नाही त्याच्या मानेतून तार घालायला कुठली एथिक्स समिती हो म्हणेल? मीही नाही म्हणणार. मग आमच्या सगळ्या याद्या 'आजारी वजा निरोगी' अशाच राहतात. जी मला मनापासून काढायची आहे ती 'परतलेलं वजा न परतलेलं', तिचा निम्मा भागच फारसा कुणी मोजलेला नाही. औषधानं जे करायला हवं ते काही लिव्हर आपलं आपण करतात, आणि नेमकं तेच आपण बघत नाही. त्यात या याद्यांतली लिव्हर बहुतेक युरोप-अमेरिकेतली. आपलं खाणं वेगळं, आपले आतड्यातले जिवाणू वेगळे, पुरुषांचं पोटही वेगळं सुटतं. निदान भारतातले नमुने तरी हवेत, देशी पिणाऱ्यांचेही, फक्त खासगी रुग्णालयापर्यंत पोचणाऱ्यांचे नकोत.

गणपतीत काळाचौकीला गेले होते तेव्हा हे सगळं काकांपुढे बोलून गेले. ते पानावर बसले होते, ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मोदक फोडून तूप घालेपर्यंत काही बोलले नाहीत.

"मग घे की तुकडा माझा," म्हणाले. "एवढं मोठं लिव्हर आहे."

"काका, असं घेता येत नाही. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, उलट धोका. परवानगीच मिळणार नाही."

"मग कशानं चालेल?"

रक्तानं थोडंफार चालतं. रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आरएनए लिव्हरची गोष्ट सांगत नाही, सुजेची सांगतो. लिव्हरच्या पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुड्यांत थोडा लिव्हरचा आरएनए सापडतो, तो फार कमी असतो आणि फार गोंगाटात असतो. पण तो नमुना परत परत घेता येतो, आजारात आणि बरं झाल्यावरही, एकाच माणसाचा. सध्या यावर काम करणाऱ्या एका गटाशी आमची बोलणी चालू आहेत, कागदपत्रं समितीपुढे आहेत, आणि काकांसारखे लोक हो म्हणतील का हा त्या कागदातला एक प्रश्न आहे. हे मी त्यांना जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

"रक्त ना? घे किती पाहिजे तेवढं," काका म्हणाले. "फक्त उपाशीपोटी बोलावू नको म्हणावं त्यांना. सकाळचा चहा मी कुणासाठी सोडत नाही."